सावित्रीतून वर का येत नाही नौदलाचं जहाज? किनाऱ्यावर चढणाऱ्या जहाजांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी ह्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. पोलादपूरकडच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं: "२०२१ च्या पुरात नौदलाचं हेलिकॉप्टर आलं, रबरी होड्या आल्या. पण नौदलाकडे म्हणे थेट किनाऱ्यावर चढणारी जहाजं आहेत, रणगाडे उतरवणारी. मग तसलं एखादं जहाज बाणकोटच्या खाडीतून वर महाडपर्यंत का नाही आणलं?"

प्रश्न ऐकायला साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायचं तर ही जहाजं कशी बांधतात, ती काय करू शकतात, काय करू शकत नाहीत आणि म्हातारी कशी होतात, हे सगळं बघावं लागतं. म्हणून म्हटलं, एक अख्खा भागच करूया.

आपल्या ओळखीचं छोटं भावंडं

सुरुवात आपल्याच खाडीपासून करू. सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथे अलीकडे बागमांडला, पलीकडे वेसवी. मधे फेरीबोट चालते. आपण तिला जंगलजेटी म्हणतो. गाडी घेऊन श्रीवर्धनकडून मंडणगडला जाणाऱ्यांनी ती पाहिलेलीच असणार. बोट धक्क्याच्या उताराला टेकते, पुढचा लोखंडी दरवाजा खाली आडवा पडतो आणि त्याचाच रस्ता होतो. त्यावरून जीप, टेम्पो, बाइक सरळ आत. पलीकडे गेलं की तोच दरवाजा पुन्हा खाली, आणि गाड्या बाहेर.

आता नीट बघा, ह्या बोटीत काय काय खास आहे. तिचा तळ सपाट आहे. तिला पाणी कमी लागतं. तिचं नाक निमुळतं नाही, बोथट आहे, कारण तिथे दरवाजा बसवायचाय. आणि तिला मालाच्या चढउतारासाठी क्रेन लागत नाही, हमाल लागत नाहीत, उंच धक्का लागत नाही. चाकांवर चालणारी कुठलीही गोष्ट स्वतःच्या पायांनी आत येते आणि बाहेर जाते.

नौदलाचं किनाऱ्यावर चढणारं जहाज म्हणजे मुळात हीच कल्पना. फरक एवढाच की जंगलजेटीला खाडी ओलांडायची असते आणि ह्या जहाजाला समुद्र ओलांडायचा असतो. सगळी अडचण ह्या एका फरकात आहे.

समुद्राला हवं एक, किनाऱ्याला दुसरंच

भर समुद्रात जहाज स्थिर राहायचं तर त्याचा बराचसा भाग पाण्याखाली हवा. तळ खोल, आकार निमुळता, म्हणजे लाट कापत जातं. किनाऱ्यावर टेकायचं तर नेमकं उलट हवं. तळ सपाट आणि उथळ, नाहीतर किनारा अर्धा किलोमीटर लांब असतानाच जहाज वाळूत रुतून बसेल.

एकाच जहाजाकडून ह्या दोन्ही गोष्टी कशा करून घ्यायच्या? उत्तर सापडायला दोन महायुद्धं लागली.

पहिल्या महायुद्धातली स्थिती काय होती, त्याचा आपल्या भागाशीही संबंध आहे. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तुम्हाला माहीत आहे. पिढ्यान् पिढ्या घरटी सैनिक देणारं गाव, पहिल्या महायुद्धापासूनचं. त्या काळी परदेशी लढायला जायचं म्हणजे मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं. ऑक्टोबर १९१४ मध्ये अशीच एक ब्रिगेड मुंबईहून निघाली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाला, फाव नावाच्या ठिकाणी सैन्य उतरायला सुरुवात झाली. उतरवलं कसं, तर मोठं जहाज लांब उभं करायचं, माणसं उघड्या होड्यांत भरायची आणि त्या होड्या ओढत किनाऱ्याला न्यायच्या. समोरचा विरोध कमी होता म्हणून निभावलं.

पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १९१५ ला, तुर्कस्तानात गॅलिपोलीला इंग्रजांनी एक धाडसी प्रयोग केला. 'रिव्हर क्लाइड' नावाचं कोळसा वाहणारं जहाज घेतलं, त्याच्या कुशीत दारं कापली, आत दोनेक हजार माणसं भरली आणि ते मुद्दाम किनाऱ्यावर नेऊन रुतवलं. पण दारं जहाजाच्या कुशीत आणि जमीन अजून पुढे. मधे होड्यांचा पूल करून त्यावरून माणसं जायची. समोर मशीनगन. त्या दारांतून बाहेर पडलेली माणसं तिथल्या तिथे पडली.

शिकण्यासारखी गोष्ट एवढीच, की जहाज किनाऱ्याला पोचलं म्हणजे काम झालं असं नाही. जहाजाचं दार आणि कोरडी जमीन ह्यांच्या मधलं जे थोडंसं पाणी उरतं, ते सगळ्यात महाग असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

खाडीच्या तोंडच्या वाळूनं दिलेली कल्पना

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये इंग्रजांचं सैन्य डंकर्कहून जीव वाचवून परतलं, पण रणगाडे, तोफा सगळं तिथेच टाकून आलं. परत युरोपात जायचं तर रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज हवं, हे त्यांना कळलं.

घाईत त्यांनी काय शोधलं बघा. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलात माराकाइबो नावाचं मोठं सरोवर आहे. तिथून तेल बाहेर न्यायचं तर सरोवराच्या तोंडाशी वाळूचा बांध, आपल्या खाड्यांच्या तोंडाशी असतो तसा. म्हणून तिथले तेलवाहू टँकर मुद्दाम उथळ बांधलेले. इंग्रजांनी तसले तीन टँकर घेतले, त्यांची नाकं कापली आणि तिथे दरवाजे बसवले. रणगाडे उतरवणारी पहिली समुद्रगामी जहाजं ही अशी झाली.

पण खरं उत्तर काढलं अमेरिकेच्या नौदलातल्या जॉन नीडरमेयर ह्या अभियंत्यानं, १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये. त्यांनी म्हटलं, जहाजाचा आकार बदलता येत नाही, पण वजन तर बदलता येतं! तळाशी मोठमोठ्या टाक्या ठेवायच्या. समुद्रात असताना त्यात समुद्राचंच पाणी भरायचं, म्हणजे जहाज जड होतं, खोल बसतं, जरा स्थिर चालतं. किनारा जवळ आला की पंप लावून ते पाणी बाहेर टाकायचं. जहाज हलकं होऊन वर उचललं जातं. त्यातही नाकाकडची बाजू जास्त हलकी, शेपटीकडची जड. म्हणजे तळ किनाऱ्याच्या उतारासारखा तिरका होतो. पुढे जेमतेम मीटरभर पाणी पुरतं आणि मागे तीनेक मीटर, जिथे पंखे आणि सुकाणू आहे.

किनाऱ्याचा उतार साधारण पन्नासात एक धरलेला, म्हणजे पन्नास पावलं आत गेलं की पाणी एक पाऊल खोल. त्या उताराला हा तळ बरोबर बसतो.

अमेरिकेनं अशी हजारावर जहाजं बांधली. गंमत म्हणजे त्यातली कितीतरी समुद्रापासून शेकडो मैल आत, नद्यांच्या काठी बांधली. ओहायो नदीवरच्या एव्हान्सव्हिल ह्या एकाच गावात १६७ जहाजं झाली आणि नदीतून समुद्रापर्यंत पोचवली. जहाज उथळ होतं म्हणूनच हे जमलं.

त्याची किंमतही होती. सपाट तळामुळे ही जहाजं समुद्रात भयंकर हेलकावतात, आणि बोथट नाकामुळे सावकाश चालतात. खलाशी थट्टेनं म्हणायचे, ही म्हणजे 'मोठं, मंद निशाण' आहे, शत्रूनं नेम धरायला सोपं.

जहाज किनाऱ्यावर चढतं म्हणजे नेमकं काय करतं

आता हे पायरी पायरीनं सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आधी किनारा निवडायचा. उतार किती, पाण्याखाली खडक आहेत का, वाळू घट्ट आहे की खाली चिखल, हे आधी माणसं पाठवून मोजतात. वाळूवर रणगाडा चालतो. खाडीच्या रेंद्यात तो पोटापर्यंत जातो.

मग भरती बघायची. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. ऐन उधाणाच्या भरतीला, पाणी सर्वात चढलेलं असताना जहाज वर घातलं आणि पाणी उतरलं, तर ते तिथेच बसलं. पुढे भांग लागला की रोजची भरती त्या खुणेपर्यंत येतच नाही. म्हणजे पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडाभर जहाज वाळूवर. म्हणून शक्यतो पाणी चढत असताना टेकायचं, म्हणजे काम होईतो ते आपोआप सुटायला लागतं.

किनाऱ्याकडे येताना अजून बरंच अंतर असतानाच शेपटीकडचा नांगर टाकायचा आणि त्याचा दोर सोडत सोडत पुढे जायचं. ही फार कामाची युक्ती. परत निघताना इंजिन उलटं चालवायचं आणि त्याच नांगरावर दोर गुंडाळत स्वतःला मागे खेचायचं. शिवाय लाटांनी जहाज आडवं होऊ नये, ह्यासाठीही तोच नांगर धरून ठेवतो. जहाज किनाऱ्याला आडवं झालं की संपलं. प्रत्येक लाट त्याला आणखी वर ढकलते.

मग टाक्या रिकाम्या, नाक वर, तळ वाळूला टेकला. नाकाचे दोन दरवाजे बाजूला उघडतात आणि आतला उताराचा रस्ता खाली पडतो.

सावित्रीच्या काठी मगर वाळूवर येताना तुम्ही बघितली असेल. आधी नाक टेकतं, मग पोट सरकतं, शेपूट पाण्यातच राहते, आणि मग जबडा उघडून ती तशीच पडून राहते. आपल्या नौदलानं ह्या जहाजांना 'मगर', 'घडियाल', 'कुंभीर' अशी नावं दिली ती उगीच नाही. आणि एकाचं नाव 'घोरपड' होतं! तान्हाजी मालुसऱ्यांचं उमरठ आपल्या पोलादपूर तालुक्यात. सिंहगडाच्या घोरपडीची दंतकथा खरी का खोटी ते बाजूला ठेवू, पण चढणाऱ्या जहाजाला ह्याहून चपखल नाव मिळणं कठीण.

कॉक्सबझारचा धडा

सगळं बरोबर केलं आणि किनाराच माहीत नसला तर काय होतं, हे आपल्या नौदलानं १९७१ मध्ये अनुभवलं.

डिसेंबरमध्ये, युद्ध संपायच्या अगदी तोंडावर, बांगलादेशातल्या कॉक्सबझारजवळ सैन्य उतरवायचं ठरलं. हेतू असा की पाकिस्तानी सैन्याला ब्रह्मदेशाकडे पळता येऊ नये. गुरखा पलटणीचे जवान, आणि रशियाकडून घेतलेली 'घडियाल' नि 'गुलदार' ही जहाजं. त्या किनाऱ्याची नीट मोजणी करायला वेळ मिळाला नव्हता.

जहाज टेकलं, पण किनाऱ्याला नाही; अलीकडच्या वाळूच्या दांड्याला. त्या दांड्याच्या पलीकडे, जमिनीच्या आधी, खोल पाण्याचा पट्टा होता. जहाजावरून बघितलं तर समोर किनारा दिसतोय, जहाज तर टेकलेलं आहे. जवान पाठीवर ओझं घेऊन उतरले ते डोक्यावरून पाणी असलेल्या ठिकाणी. त्यातले काही बुडाले. किनाऱ्यावर एकही शत्रू नव्हता, एकही गोळी सुटली नव्हती. पुढे उरलेल्यांना होड्यांतून उतरवावं लागलं.

मघाशी म्हटलं होतं ना, दार आणि जमीन ह्यांच्या मधलं पाणी सगळ्यात महाग असतं, ते हे असं.

जहाजाच्या पोटात गोदी

ह्यातून जगभरात दुसरी एक पद्धत पुढे आली. मोठं जहाज किनाऱ्यावर घालायचंच नाही. ते लांब खोल पाण्यात ठेवायचं आणि त्याच्या पोटात छोट्या सपाट बोटी ठेवायच्या. जहाज टाक्यांत पाणी भरून आपली शेपूट मुद्दाम खाली बसवतं, मागचा दरवाजा उघडतं, आत पाणी शिरतं, आणि आतल्या बोटी तरंगत बाहेर पडतात. जणू जहाजाच्या पोटात छोटंसं बंदर.

आपल्याकडे असं एकच जहाज आहे, 'आयएनएस जलाश्व'. ते १९७१ पासून अमेरिकेच्या नौदलात 'ट्रेन्टन' नावानं होतं. २००७ मध्ये आपण घेतलं. १६ हजार टनांहून मोठं, हजारभर सैनिक नेऊ शकणारं. म्हणजे आज त्याचं वय पन्नाशी पार आहे. तसली नवीन जहाजं देशात बांधायचा विचार दहा-पंधरा वर्षांहून जास्त काळ चाललाय, पण त्याची कागदं पुढे-मागेच होत राहिली.

थेट किनाऱ्यावर चढणाऱ्या मोठ्या जहाजांत आपल्याकडे आता 'घडियाल' (१९९७), आणि 'शार्दूल', 'केसरी', 'ऐरावत' ही २००७ ते २००९ मधली तीन. ह्यांची थोरली बहीण 'मगर' १९८७ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधलेली. लांबी १२० मीटरच्या आसपास, पंधरा रणगाडे आणि पाचशे जवान नेणारी. ६ मे २०२३ ला कोचीत तिला निरोप दिला. छत्तीस वर्षांची नोकरी.

ह्यांचं खरं काम काय झालं

आता गंमत बघा. बांधली लढाईसाठी, आणि आयुष्यातलं बरंचसं काम झालं मदतीचं. २००४ च्या त्सुनामीत ही जहाजं धावली. २०२० च्या मे महिन्यात, करोनात विमानं बंद असताना, 'जलाश्व'नं मालदीवहून एका फेरीत ६९८ माणसं कोचीला आणली, त्यापाठोपाठ 'मगर'नं २०२. 'शार्दूल' इराणहून लोक घेऊन पोरबंदरला आली. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत 'ऐरावत'नं सिंगापूरहून ऑक्सिजन आणला. म्यानमारच्या भूकंपानंतर एप्रिल २०२५ मध्ये 'घडियाल' ४४२ टन धान्य-सामान घेऊन यांगूनला गेली.

कारण उघड आहे. रणगाड्यांसाठी ठेवलेलं मोकळं पोट तांदळाच्या पोत्यांनाही चालतं, रुग्णवाहिकेलाही आणि माणसांनाही.

जहाज म्हातारं कसं होतं

साधारण तीस ते चाळीस वर्षं ही जहाजं चालतात. लढाऊ जहाजावरची शस्त्रं आणि यंत्रणा लवकर जुन्या होतात. इथे तसलं काही फारसं नसतं, त्यामुळे ती जास्त टिकतात. पण त्यांना त्यांचे खास आजार असतात.

पहिला आजार तळाचा. दुसरं कुठलंही जहाज जमिनीला लागलं तर तो अपघात. ह्यांचं ते रोजचं काम. दर वेळी तळाचे पत्रे घासतात, रंग जातो, पत्रा आत दबतो. दुसरा टाक्यांचा. कधी खारं पाणी, कधी नुसती दमट हवा, पुन्हा खारं पाणी. लोखंडाला गंज चढायला ह्याहून चांगली जागा नाही. कोकणात घराच्या खिडकीचे गज बघा, म्हणजे कळेल. तिसरा दरवाजांचा. नाकावरच प्रत्येक लाट आपटते आणि तिथेच बिजागऱ्या नि रबरी पट्ट्या. तिथून पाणी आत शिरलं तर समोर मोकळं पोट. पाणी एका बाजूला धावलं की जहाज कलंडतं. म्हणून दरवाजाच्या मागे दुसरा पाणबंद अडसर असतोच.

दर काही वर्षांनी जहाज सुक्या गोदीत घेऊन पत्र्याची जाडी यंत्रानं मोजतात. ठराविक जाडीच्या खाली गेला तो पत्रा कापून नवा बसवायचा. एक वेळ अशी येते की बदलायच्या पत्र्यांचा खर्च जहाजाच्या उरल्या आयुष्यापेक्षा जास्त होतो. मग निरोप.

त्या निरोपाची एक गोष्ट महाराष्ट्रातली आहे. कॉक्सबझारच्या 'गुलदार'चं नाव घेतलेली दुसरी 'गुलदार' पोलंडमध्ये बांधली आणि ३० डिसेंबर १९८५ ला तिथल्या ग्डिनियात नौदलात दाखल झाली. ऐंशी-पंचाऐंशी मीटर लांब. १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला 'चित्ता' आणि 'कुंभीर'बरोबर ती निवृत्त झाली. एरवी अशी जहाजं भंगारात जातात. पण 'गुलदार' महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाला मिळाली, सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवण्यासाठी. कल्पना अशी की तेल, रंग, तारा, घातक असेल ते सगळं आधी काढायचं, मग तिला तळाला बसवायचं. पाणबुडे बघायला येतील, आणि लोखंडावर शिंपले-प्रवाळ चढून माशांना आसरा होईल. जन्मभर पाणी उपसून वर यायचं, आणि शेवटी पाणी भरून घेऊन खाली बसायचं.

तर मग, महाडला का नाही?

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस. ते सगळं पाणी सावित्रीतून खाली. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे समुद्राला उधाण. वरून पूर, खालून भरती, मधे महाड. त्याच दिवशी तळियेत दरड आली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. रस्ते बंद.

अशा वेळी मोठं जहाज खाडीत घालायचं म्हटलं तर काय होईल? एक, जुलैमधला समुद्र. आपले मच्छीमारसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात आणि सपाट तळाचं जहाज तिथेच आडवं होईल. दोन, पाणी. 'मगर'सारख्या जहाजाला भरलेलं असताना चारएक मीटर पाणी लागतं. आपली खाडी वर वर गाळानं भरत गेलेली. पूर्वी मोठ्या होड्या दासगावपर्यंत आणि छोट्या भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत यायच्या, त्याही छोट्याच. तीन, आंबेतचा पूल; जहाजाच्या डोलकाठ्या त्याखालून जाणार नाहीत. चार, पुराचं पाणी आपल्याबरोबर ओंडके, गुरं, पत्रे घेऊन समोरून येत असतं. पाच, समजा आलंच, तर टेकणार कुठे? काठ चिखलाचे, कांदळवनाचे. दरवाजा रेंद्यात पडेल. महाड समुद्रापासून सरळ रेषेतही चाळीस किलोमीटर आत, आणि पोलादपूर त्याहून वर डोंगरात. म्हणजे तिथे तर प्रश्नच नाही.

म्हणून नौदलानं जे केलं तेच बरोबर होतं. मुंबईच्या शिक्रा तळावरून सी-किंग ४२-सी हेलिकॉप्टर पोलादपूरकडे निघालं आणि बचाव पथकं रबरी होड्या घेऊन पुढे झाली. आणि ऐका, हे ४२-सी हेलिकॉप्टर मुळात सैनिकांना जहाजावरून किनाऱ्यावर उतरवण्यासाठीच घेतलेलं. 'मगर', 'शार्दूल' ह्यांच्या पाठीवर हेलिकॉप्टरला उतरायला जागा असते ती त्याचसाठी. म्हणजे जहाज आलं नाही, पण त्या जहाजाचा एक हात पोलादपूरकडे आला होता. दार आणि जमीन ह्यांच्या मधलं पाणी ओलांडणारा हात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हाही हेच. दोन एसट्या गाड्या पुरात गेल्या. शोधायला आले ते नौदलाचे पाणबुडे आणि त्यांच्या होड्या. गढूळ पाणी, ओढ आणि त्यात मगरी. काम माणसांनीच केलं.

मग आपण काय करायचं?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर जरूर लिहा. मोठं जहाज महाडपर्यंत आणायची गरज नाही. पण जहाज बाहेर समुद्रात येऊ शकतं, हेलिकॉप्टर येऊ शकतं, जंगलजेटी खाडीत चालू शकते. कमी पडतो तो शेवटचा टप्पा. त्याची तयारी मे महिन्यात होऊ शकते, पुरात नाही. खाडीत कुठल्या धक्क्याला कुठल्या भरतीला किती पाणी असतं, कुठला उतार सिमेंटचा नि शाबूत आहे, पोलादपूरच्या कुठल्या वाडीजवळ हेलिकॉप्टर टेकेल असं मोकळं माळरान आहे जिथे विजेच्या तारा नाहीत, कुठल्या गावात होडी चालवणारा नि पाणी ओळखणारा माणूस आहे. एवढी चार पानांची यादी तहसील कचेरीत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत भिंतीला लावलेली असावी.

कॉक्सबझारला जहाज होतं, जवान होते, हिंमत होती. नव्हती ती फक्त किनाऱ्याची मोजणी. आपल्या खाडीची मोजणी आपल्या म्हाताऱ्या खलाशांच्या डोक्यात आहे. त्यांच्याबरोबर ती जाऊ देऊ नका.

तर मंडळी, दासगाव बंदरात होड्या लागत होत्या त्या काळातल्या आठवणी तुमच्या घरात कुणाकडे असतील, आजोबांकडे, काकांकडे, तर त्यांच्याशी बोला आणि मला कळवा. भरतीच्या खुणा, वाळूचे दांडे, जुन्या उतरण्याच्या जागा, काहीही चालेल. पुरेसं जमलं तर पुढचा एक भाग त्यावरच करू.